वहिनीच्या खोबऱ्याची तपासणी

माझ्या वहिनीच्या देव्हाऱ्यात एक पितळी डबा आहे. त्यात जोतिबाचं खोबरं असतं. कुठल्या वर्षीचं, ते जोतिबालाच माहीत.

आमच्याकडं माघात रविवारी जोतिबाचे खेटे घालतात. पहाटे निघायचं, डोंगर चढायचा, देवाला भेटून यायचं. तिथं देवावर गुलाल आणि सुक्या खोबऱ्याचे तुकडे उधळतात. लोकांच्या अंगावर पडतं, पायाखाली पडतं, कुणी झेलतं, कुणी वेचतं. बयाबाई म्हणजे माझी वहिनी वेचणाऱ्यांतली. गर्दीत तिचं डोकं दिसत नाही, नुसता पदर पसरलेला दिसतो. घरी आली की सगळं त्या डब्यात. देवाचं टाकायचं नसतं, त्यामुळं जुन्यावर नवं. कधी बुरा आलेला दिसला तर पदरानं पुसायचं, पुन्हा झाकण.

माझा थोरला भाऊ बाळासो तिला म्हणायचा, "आमच्या घरात दोनच गोष्टी शिळ्या होत न्हाईत. एक तुझं खोबरं, आन् दुसरी तुझी तक्रार."

दादा गडमुडशिंगीचा, म्हणजे आम्ही सगळेच तिथले. मी लग्न होऊन कोल्हापुरात राजारामपुरीत आले आणि ब्लाऊज शिवत बसले. दादा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ओतकामाच्या भट्टीवर राबून रिटायर झाला. अंगात शुगर, तोंडात मिरची. त्या वर्षी माघात तापाची साथ आली आणि सगळं गाव खोकायला लागलं, तर हा गडी चौकात बसून सांगत होता, "मला काय करतोय ताप? भट्टीम्होरं जन्म गेलाय माझा."

तापानं ते ऐकलं असावं. आठवड्याच्या आत दादा माझ्या घरापासून हाकेवर असलेल्या एका दवाखान्यात, तोंडाला ऑक्सिजन लावून पडला होता. फ्लू छातीत उतरला होता. स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली, हळूहळू दम लागणं कमी झालं, मास्क जाऊन नाकात नळी आली. नळी लावल्या लावल्या त्यानं नर्सला विचारलं, "पोरी, ह्यातनं तंबाखूचा वास येतोय काय बघ की." आम्ही म्हटलं, सुटलो.

आणि परत ताप आला. छातीत एका बाजूला टोचायला लागलं. सकाळी खोकला तर बेडक्यात तांबडी रेघ.

छातीचे डॉक्टर राजवर्धन म्हणजे वयानं तरुण, बोलणं भरभर, पण थांबून समजावून सांगणारे. त्यांनी मला आणि वहिनीला बाहेर बोलावलं.

"फ्लूनं फुप्फुसाची आतली बाजू सोलून निघते," ते म्हणाले. "त्यात काकांची शुगर, त्यात स्टेरॉइड. अशा जागी बुरशी बसू शकते. मला तोच संशय आहे."

"बुरशी?" वहिनी म्हणाली. "भाकरीवर येती ती?"

"तिच्याच गोतातली. नेहमीच्या अँटिबायोटिकला ती दाद देत नाही. तिचं औषध वेगळं आणि कडक. काकांचं लिव्हर आधीच कुरकुरतंय, त्यामुळं नुसत्या अंदाजानं देताना मला दहादा विचार करावा लागतोय. पण बुरशी असली आणि आपण बसून राहिलो, तर माणूस हातचा जाईल. उद्या सकाळचा बेडका मगदूम मॅडमकडं पाठवू. त्या बघून सांगतील."

वहिनीनं काहीच विचारलं नाही. ती विचारत नाही तेव्हा तिच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं बाटली हातात दिली आणि मी ती लॅबमध्ये नेऊन पोचवली. डॉक्टर रोहिणी मगदूम म्हणजे शिरोळकडच्या जैन घरातल्या बाई. एक चष्मा नाकावर, दुसरा डोक्यावर, आणि तिसरा शोधत असल्यासारखा चेहरा. मी घरी येऊन मशीनवर बसते न बसते तोवर त्यांचा फोन.

"ताई, जरा येऊन जाता? आणि काकांजवळ कोण बसतं, त्यांनाही घेऊन या."

वहिनी सगळा रस्ता पदर तोंडाशी धरून आली. लॅबच्या आतल्या खोलीत बाईंनी आम्हाला स्टुलावर बसवलं.

"काकांनी बेडका द्यायच्या आधी काय खाल्लं होतं?"

"काय न्हाय," वहिनी म्हणाली.

"चहा?"

"च्या बी दिला न्हाय."

"चूळ भरली होती?"

"भरली की. मीच पाणी दिलं."

"बिस्किट, केळं, काहीच नाही?"

"अवं बाई, सांगतोय न्हवं, काय न्हाय म्हणून! नर्सनं बजावलंतं, उपाशीपोटी द्यायचं म्हणून."

बाईंनी डोक्यावरचा चष्मा काढला, पुसला, परत डोक्यावर ठेवला. "खोबरं?"

वहिनीनं तोंडाशी धरलेला पदर आणखी घट्ट केला.

"वहिनी," मी म्हटलं.

"त्ये खाणं न्हवं," वहिनी म्हणाली. "त्यो परसाद हाय."

बाईंना हसू आलं होतं पण त्यांनी ते गिळलं. त्या मला म्हणाल्या, "या, बघा." मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी माझीच पापणी दिसली. मग दिसायला लागलं. तेलाचे गोल गोल थेंब, फिकट दोरे, आणि मध्ये मध्ये चक्क राणी रंगाचे ठिपके. असल्या रंगाचं कापड मी लग्नसराईत पुष्कळ शिवलंय.

"हा गुलाल," बाई म्हणाल्या. "कफात एक द्रव घालतो आम्ही. कफ विरघळतो, बुरशी तशीच राहते, म्हणून दिसते. ते दोरे म्हणजे बुरशी. आता दोऱ्याच्या टोकाला बघा. झेंडूच्या फुलासारखं काहीतरी दिसतंय?"

दिसत होतं. छान गरगरीत फूल.

"मला शंका आली ती त्यानंच. बुरशीला असं फूल येतं ते मोकळ्या हवेत. माणसाच्या फुप्फुसात, मांसात शिरलेली असते तेव्हा सहसा नुसते दोरे. हिला म्हणजे वर्षभर डब्यात बसून निवांत फुलायला मिळालंय." मग वहिनीकडं वळून, "डबा पितळी आहे काय?"

"तुमाला कोन सांगितलं?" वहिनी दचकली.

"आमच्या शेजारणीचाही पितळीच होता."

"म्हणजे दादाला बुरशी नाही?" मी विचारलं. मला एकदम हलकं वाटलं होतं.

"असं मी कुठं म्हटलं? पोरानं पेपरवर शाई सांडली तर तो पास पण नाही आणि नापास पण नाही. परत परीक्षा. आणि या वेळी तोंडातनं नको. नाकातनं दुर्बीण घालून थेट फुप्फुसात थोडं पाणी सोडायचं आणि तेच परत ओढून घ्यायचं. तिथं कुठलाही प्रसाद पोचत नाही."

दादाला हे कळलं तेव्हा तो हसला. इतका हसला की खोकल्याची उबळ आली आणि राजवर्धन डॉक्टरांना धावत यावं लागलं. त्याच्या पांढऱ्या मिशीत गुलाल अजून तसाच होता, आणि सकाळपासून तो आमच्यापैकी एकालाही दिसला नव्हता.

"बये," तो धापा टाकत म्हणाला, "आख्ख्या कोल्हापुरात देवाचं खोबरं लॅबमधी धाडणारी तूच पैली. चला आता, डिश्चार्ज काढा. खोबऱ्याचा आजार हाय, घरात बरा हुईल."

"काका, दुर्बीण घालावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "आजच."

"मी न्हाय घालून घ्यायचा."

"काका..."

"डॉक्टर, तुमी चांगलं हायसा, पर नाकातनं नळी घालून छातीत पाणी वतायचं म्हणजे काय छाती हाय का शेतातली मोट? मला बरं वाटालंय. बारके, माझी पिशवी भर."

बारकी म्हणजे मी. पन्नाशी उलटली तरी बारकीच. त्याला बरं वाटत नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. एक वाक्य बोलायला तो तीनदा थांबत होता. पण आमच्या दादाला जे करायचं नसतं ते देवाच्या बापालाही करवून घेता येत नाही. डॉक्टर बाहेर जाऊन मला म्हणाले, "संध्याकाळपर्यंत बघू. समजवा. दिवस घालवण्यासारखी परिस्थिती नाही."

मी समजावलं. रागावले. आईची शपथ घातली. "आई मरून किती वर्सं झाली, आता तिला कशाला तरास?" एवढंच उत्तर.

वहिनी कुठं दिसेना. शोधत गेले तर जिन्यात बसली होती, भिंतीला टेकून. मी तिच्या बाजूला बसले. आयुष्यभर मी या बाईची थट्टा केली. तिच्या आमटीत मीठ जास्त म्हणून, तिच्या लुगड्याचा काठ भडक म्हणून. नणंदेचं कामच ते. त्या दिवशी मात्र मी तिचा घसरलेला पदर सावरला.

"वन्सं," ती म्हणाली, "माझ्यानंच झालं काय?"

"काय तुझ्यानं?"

"मी रोज घालत हुते. ताप आल्यापास्नं. दवाखान्यात आल्यावर बी, पदराला बांधून आणलेलं. रोज सकाळी एक तुकडा, चांगभलं म्हणून. बुरशी हाय त्यात, तुमी डोळ्यानं बघून आलासा. त्येच त्यांच्या छातीत गेलं आसंल तर?"

मी म्हटलं, चल. तिला परत मगदूम बाईंकडं घेऊन गेले. वाटेत तिनं गावाकडं फोन लावला, आणि तिचा पुतण्या मोटरसायकलवरून तो डबा घेऊन आला. डबा बाईंच्या टेबलावर ठेवून वहिनी म्हणाली, "तपासा."

बाईंनी झाकण उघडलं. वरचं खोबरं गुलाबी, खालचं तपकिरी, तळाशी तर रंगाला नाव नाही. त्यांना एक शिंक आली.

"बयाबाई, असं खाल्ल्यानं ती फुप्फुसात जात नाही. पोटात जाते. तेही चांगलं नाही, पण ते वेगळं. फुप्फुसात जाते ती श्वासाबरोबर, आणि तिचे कण सगळीकडं असतात. रस्त्यावर, उसाच्या पाल्यात, या खोलीतसुद्धा. आपण सगळेच रोज ओढून घेतो."

"तुमी डॉक्टर लोकं," वहिनी म्हणाली, "बाईमाणसाचं तोंड बघून ग्वाड बोलतासा."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं रागावल्या. पण त्या विचार करत होत्या.

"बरं. मग असं करू. तुमच्या खोबऱ्यावरची बुरशी मी एका प्लेटमध्ये वाढवते. काकांच्या फुप्फुसातलं पाणी आलं की ते दुसऱ्या प्लेटमध्ये. बुरशीच्या जाती असतात, माणसांसारख्या. प्रत्येकीचा रंग वेगळा, वाढायची तऱ्हा वेगळी. शेजारी शेजारी ठेवू. तुमची ती तुमची, त्यांची ती त्यांची. पण त्यासाठी मला ते पाणी पाहिजे."

वहिनी उठली. दवाखान्यात शिरली ती थेट दादाच्या खाटेशी. मी मागं होतेच.

"दुर्बीण घालून घ्या," ती म्हणाली.

"आली शानी. कोन शिकवलं?"

"माझ्या खोबऱ्यानं तुमाला ह्ये झालं का न्हाय, ते त्यातनं कळतंय. तुमी न्हाय म्हणालासा आन् उद्या कायतरी झालं, तर मी जन्मभर कुणाला इचारू? देवाला इचारू? त्यो काय बोलतोय!"

दादा तिच्याकडं बघत राहिला. चाळीस-एक वर्षांचा संसार, पण ही बाई त्याच्यासमोर अशी कधी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. नुसती उभी.

"म्हंजे," तो हळू म्हणाला, "केस तुझी, आन् नळी माझ्या नाकात."

"व्हय."

"बारके, ऐकलंस का? बायकोला निर्दोष सोडवायला नवऱ्यानं नाकातनं नळी घालून घ्यायची. कंच्या कायद्यात हाय गं ह्ये?" मग डोळे मिटून म्हणाला, "बोलवा त्या डॉक्टरला. माझं मन बदलायच्या आत."

दुर्बीण झाली. दादानं नंतर तिचं वर्णन गावभर केलं आणि दर वेळी नळी हातभर लांबत गेली, ते सोडा. पाण्याची बाटली मीच पुन्हा लॅबमध्ये नेली. या वेळी बाईंनी मला थांबायला सांगितलं. त्यांनी काचेवर थेंब घेतला, द्रव घातला, थोडा वेळ जाऊ दिला आणि बघत बसल्या. बघत बसल्या त्या बघतच बसल्या. मग नाकावरचा चष्मा काढून ठेवला.

"बघा."

गुलाबी ठिपके नव्हते. तेल नव्हतं. फूल नव्हतं. नुसते दोरे होते, बारीक, मध्ये मध्ये पेरं असलेले. एका दोऱ्यातून दुसरा फुटलेला, दोन बोटं फाकवावीत तसा. स्वच्छ. कुणी बसून टाके घातल्यासारखं.

"आहे," त्या म्हणाल्या. "खरंच आहे."

मला रडू आलं आणि त्यांनी माझ्या हातात कापसाचा बोळा दिला, दुसरं काही जवळ नव्हतं म्हणून. एका हातानं बोळा, दुसऱ्या हातानं डॉक्टर राजवर्धनना फोन. त्याच दिवशी दादाला बुरशीचं औषध लागलं. लिव्हरवर नजर ठेवून, पण लागलं.

"आता प्लेटची कशाला वाट बघायची?" मी डोळे पुसत विचारलं.

"जात कळायला लागते. औषध तेच बरोबर की बदलायचं, ते त्यावर. आणि..." त्या जरा घुटमळल्या. "ताई, दोन्ही एकाच जातीच्या निघाल्या तर वहिनींना काय सांगायचं, याचा विचार करून ठेवा. एक जात निघाली म्हणून खोबऱ्यातनंच आली असं होत नाही. पण ते त्यांना पटणार नाही."

पुढच्या दिवसांत मी शिवलेले ब्लाऊज सगळे परत आले. एकाला तर मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या. वहिनी रोज मला विचारायची, "उगवलं काय?" जसं काही पेरणी झाली होती. माझ्या घरच्या देव्हाऱ्यापुढंही जात नव्हती. दादाचा ताप थोडा उतरायचा, थोडा चढायचा. तो तिला चिडवायचाही, पण जपून, कडेकडेनं, पाय घसरेल अशा वाटेवर चालावं तसं.

मग एका सकाळी बाईंनी बोलावलं. टेबलावर झाकणाच्या दोन पसरट डब्या होत्या, आत खरवसासारखं पिवळसर थापलेलं आणि त्यावर बुरशी आलेली. झाकणं चिकटपट्टीनं बंद.

वहिनीनं हात पाठीमागं बांधले, शाळेतल्या पोरीसारखे. "ह्यातलं माझं कंचं?"

बाईंनी एक पुढं सरकवली. पोपटी. चांगली तेजदार, पिवळ्याकडं झुकणारी पोपटी, वर धुळीसारखा थर. "ही तुमची. खोबऱ्यावर, शेंगांवर हिचं फार प्रेम."

मग दुसरी. काळपट निळसर हिरवी, धुरानं माखल्यासारखी, मखमलीसारखी बसलेली. "ही काकांची. सूक्ष्मदर्शकाखालीही बघितली. जात वेगळी. चालू आहे तेच औषध हिला लागू पडतं."

वहिनी एका डबीवरून दुसरीवर, दुसरीवरून पहिलीवर, अशी किती वेळ बघत होती. पोपटी कापड आणि धुरकट कापड यांतला फरक मला कुणी सांगायला नको. तिलाही नको होता.

"वेगळं हाय," ती म्हणाली.

"वेगळं आहे."

"मग त्यांचं कुठनं आलं?"

"हवेतनं. कुठूनही. त्याला कुणी दोषी नसतं."

तेव्हा ती रडली. मोठ्यानं, आमच्या गावाकडं रडतात तशी, शेजारच्या खोलीतली माणसं डोकावून गेली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "आमटीत घालायचं सगळं मीठ इथं संपवू नको." ती रडता रडता हसली आणि माझ्या हातावर फटका मारला. तेवढ्यानं मला बरं वाटलं.

नाक पुसून झाल्यावर तिनं बाईंकडं हात पसरला. "आता माझं परत द्या."

"काय?"

"ती पोपटी डबी. परसादाची हाय. टाकता येत न्हाई. पंचगंगेत सोडतो."

मगदूम बाई दोन पावलं मागं सरल्या. "बयाबाई, हे नदीत नाही सोडता येत! हे आम्हाला मशीनमध्ये शिजवून मारावं लागतं. मोठा कुकरच असतो तो."

"देवाचं शिजवणार?"

"रोज शिजवते. आमच्या धर्मात तर बुरशीलाही जीव म्हणतात. माझी आई शिळं अन्न घरात ठेवत नाही, आणि मी इथं मुद्दाम वाढवते आणि मग मारते. आई म्हणते, तुझा हिशेब वरती कोण लिहीत असेल त्याला वेगळी वही लागेल."

वहिनीला हे पटलं. दुसऱ्याच्या डोक्यावर आपल्याहून मोठं ओझं दिसलं की माणसाला जरा धीर येतो. डबा रिकामा करून खोबरंही तिनंच त्यांच्या हवाली केलं. बाईंनी सगळं पिशवीत बांधून मशीनमध्ये ठेवलं आणि झाकणाचे स्क्रू आवळायला घेतले.

"थांबा," वहिनी म्हणाली. तिनं हात जोडले. "जोतिबाच्या नावानं..."

आणि शिरोळच्या जैन घरातली एम.डी. झालेली बाई, दोन चष्म्यांसकट, म्हणाली, "चांगभलं."

दवाखान्यात दादा उशीला टेकून वाट बघत होता. त्या दिवशी अंगात ताप नव्हता, आणि तो एक वाक्य न थांबता बोलला.

"काय लागला निकाल?"

"सुटले," वहिनी म्हणाली.

"म्हंजे तू सुटलीस, देव सुटला. मग अडकलंय कोन?"

"तुमी. गोळ्या चालू झाल्या आजपास्नं. डॉक्टर बास म्हणत्यात तवर."

तिनं पुडीतून गोळी काढली, सवयीनं आधी कपाळाला लावली आणि मग त्याच्या तोंडाजवळ नेली.

दादानं तोंड उघडलं नाही. "बये," तो म्हणाला, "आधी हात धू."